मोटारीच्या काचेची चौकट : गैरसमज आणि वस्तुस्थिती

देऊळगाव राजासारख्या तालुक्याच्या गावी, जेथे जुन्या मोटारीचा विषय निघाला म्हणजे बोलणे सहसा विलीज जीप आणि ॲम्बॅसडर यांच्यापलीकडे जात नाही, तेथे एम.जी. या ब्रिटिश स्पोर्ट्स कारच्या पुढल्या काचेच्या चौकटीचा ऊहापोह कोणास अप्रस्तुत वाटेल. परंतु मुंबईच्या हॉर्निमन सर्कलपासून निघणाऱ्या जुन्या मोटारींच्या फेरीत या उघड्या, दोन आसनी गाड्या ज्यांनी पाहिल्या असतील, किंवा ज्यांच्या घरी वाडवडिलांची एखादी मोटार ताडपत्रीखाली पडून असेल, त्यांनी हे जाणून असावे की अशा वाहनाची नासाडी काळाच्या हातून होते त्याहून अधिक अजाण दुरुस्तीच्या हातून होते.

सर्वांत दृढमूल गैरसमज असा की, चकाकणारी प्रत्येक चौकट क्रोमची. 1945 ते 1949 या काळातील एम.जी. टी.सी.ची चौकट पितळेची असून तिच्यावर क्रोमचा मुलामा असे, हे खरे. पण 1962 ते 1980 पर्यंत ॲबिंग्डनच्या कारखान्यातून पाच लाखांहून अधिक संख्येने बाहेर पडलेल्या एम.जी.बी.पैकी उघड्या गाड्यांची चौकट ॲल्युमिनियमची, आणि तिचे तेज ॲनोडायझिंगचे. हे कवच वरून चढविलेले नसते, तर विद्युत्-रासायनिक क्रियेने धातूच्याच पृष्ठभागाचे ऑक्साइड होऊन ते बनते आणि त्याची जाडी मायक्रॉनमध्ये मोजावी लागते. म्हणून पितळेचे पॉलिश घेऊन ते बिनदिक्कत घासत राहणारा मनुष्य दोन दिवसांच्या लखलखाटासाठी धातूचे संरक्षणच झिजवीत असतो. योग्य इलाज म्हणजे जुने कवच कॉस्टिकने जपून उतरविणे, ओरखडे घासून काढणे आणि नव्याने ॲनोडायझिंग करणे. मात्र कॉस्टिक खुद्द ॲल्युमिनियमलाही खात असल्यामुळे तेथे क्षणांचा हिशेब ठेवावा लागतो.

स्क्रू निघेना म्हणजे जोर कमी पडला, ही दुसरी समजूत, आणि चौकटी मोडतात त्या बहुधा हिच्यामुळे. लोखंडी स्क्रू ॲल्युमिनियममध्ये बसविला आणि त्यांच्यामध्ये पावसाचे पाणी मुरले की दोन धातूंत सूक्ष्म विद्युत्प्रवाह सुरू होतो, त्यात ॲल्युमिनियमचा क्षय होतो, आणि त्याची पांढरी भुकटी आट्यांत ठासून बसते. आपल्या घरांच्या ॲल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्यांत, लोखंडी स्क्रूभोवती, हीच भुकटी दिसते. आमची हवा कोरडी, तेव्हा येथे असे होत नाही, असे म्हणून निर्धास्त राहू नये, कारण खाचेत साठून राहिलेल्या चार पावसाळ्यांच्या पाण्याला समुद्राची गरज नसते. अशा स्क्रूवर मुरणारे तेल घालून काही दिवस वाट पाहावी, मग गरम हवेने ऊब द्यावी, कारण ॲल्युमिनियम लोखंडाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावते आणि पकड सैल होते; गॅसची ज्योत मात्र जवळ आणू नये, कारण हा धातू लाल न होताच 660 अंश सेल्सिअसला वितळतो व कारागिराला पूर्वसूचना मिळत नाही. एवढ्यानेही न निघाल्यास स्क्रू ड्रिलने काढून आटे नव्याने पाडावेत. त्याजागी स्टेनलेसचा स्क्रू बसविला की चिंता मिटली, हेही अर्धसत्यच. स्टेनलेस आणि ॲल्युमिनियम यांच्यामध्येही तोच व्यवहार चालतो, म्हणून दोहोंमध्ये विलगक लेप, निदान ग्रीस, हवेच.

ॲम्बॅसडरची काच रबरासह बाहेर काढता येते म्हणून येथेही तसेच करू जाणे हे तर काच फोडण्याचेच निमंत्रण होय, कारण एम.जी.बी.त काच चौकटीच्या सेक्शनमध्येच धरलेली असते, बाजूचे खांब डॅशबोर्डखाली बोल्टांनी आवळलेले असतात, आणि सबंध चौकट उतरवून, सुटी करून मगच काच निघते. उतरविण्यापूर्वी तिचा कल आणि खांबाखाली पातळ पट्ट्या असल्यास त्यांच्या जागा टिपून ठेवाव्यात. जोडताना चौकट किंचितही पिळली गेली तर काचेवर ताण येतो.

नवी काच कोणतीही चालेल, असेही नाही. पुढली काच लॅमिनेटेडच घ्यावी, आणि केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार तिच्यातून निदान 70 टक्के प्रकाश आरपार गेला पाहिजे.

इंग्रजी गाडी म्हणजे सगळे आटे व्हिटवर्थ या जुन्या ब्रिटिश मापाचे, हाही जुना समज आता सोडावा: ब्रिटन, अमेरिका आणि कॅनडा यांनी 1948 साली आट्यांचे समान परिमाण मान्य केले, आणि एम.जी.बी.त बहुतांशी त्याच मापाचे आटे आहेत, ज्यांवर चुकीचा पाना लावल्यास बोल्टाचे डोके गोल होते.

चौकट खोलली तर गाडीची पुरातन म्हणून नोंद होणार नाही, ही भीतीही निराधार आहे. 2021 च्या नियमांनी पन्नास वर्षांहून जुन्या वाहनांना स्वतंत्र नोंदणी दिली, आणि त्यांचा रोख चासी, बॉडी व इंजिन यांतील मोठ्या फेरफारांवर आहे. मूळ चौकट सांधून, मूळ धातूच्या तेजासह परत बसविणे हे त्या नियमांच्या हेतूशी सुसंगतच आहे. तेव्हा अशी मोटार ज्यांच्या दारी असेल त्यांनी भंगारवाल्याला बोलावण्यापूर्वी ॲल्युमिनियमची जाण असलेल्या एखाद्या कारागिराला ती चौकट एकदा अवश्य दाखवावी.