पाण्याचा भार कुठे जातो?

चार फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच अशी माशांची काचेची टाकी रिकामी असताना दोघे जण उचलून मराठवाड्यातल्या भोकरमधल्या एखाद्या जुन्या घराच्या माडीवर सहज नेतील. मग तिच्यात पाणी भरायला घ्या. काठाखाली दोन इंच सोडले तरी सव्वादोनशे लिटर मावते, आणि लिटरमागे एक किलो या हिशोबातून सुटका नाही. काच, गोटे, लोखंडी स्टँड धरून बेरीज ३५० किलोच्या घरात जाते. पाच धट्टीकट्टी माणसे सहा चौरस फुटांत दाटीने उभी राहावीत, एवढा हा भार. राहत्या घराच्या मजल्यावर चौरस मीटरला साधारण २०० किलो वापराचा भार धरावा, असे भारतीय मानक ८७५ सांगते. टाकीखाली तो ६०० किलोंच्या वर जातो.

आता वर पाहा. मराठवाड्यातल्या जुन्या माळवदावर, म्हणजे मातीच्या सपाट छतावर, मातीचा थर अर्धा मीटर किंवा त्याहून जाड असतो. म्हणजे चौरस मीटरला सुमारे ८०० किलो! टाकीपेक्षा जड ओझे डोक्यावर घेऊन ही घरे पिढ्यान्‌पिढ्या उभी आहेत. ते साधते कसे? छतापासून जमिनीपर्यंत वजनाला सरळ वाट करून दिलेली असते. माती किलच्यांवर, किलच्या कड्यांवर, कड्या तुळईवर, तुळई खांबावर, खांब दगडी तळखड्यावर आणि तळखडा जमिनीवर. सिमेंटच्या घरात ही वाट गिलाव्याआड दडते. जुन्या घरात ती उघड्या डोळ्यांनी वाचता येते, ही केवढी सोय! टाकी ठेवण्याआधी हीच वाट वरून खाली वाचत जायची.

माडीचा कडीपाट मात्र माळवदाएवढ्या ओझ्यासाठी केलेला असेलच असे नाही. तिथे जागेला फार महत्त्व. दहा फुटी कडीच्या मधोमध ठेवलेले वजन तिला जेवढे वाकवू पाहते, त्याच्या साधारण एक तृतीयांश ताण तेच वजन टेकूपासून फूटभर अंतरावर ठेवल्यास पडतो. म्हणून टाकी तुळईलगत, खांबाजवळ ठेवावी, आणि तिची लांबी कड्यांना आडवी असावी, म्हणजे तीन-चार कड्या मिळून भार वाटून घेतात. लाकडाचा आणखी एक गुण आहे. कायमच्या ओझ्याखाली ते वर्षानुवर्षे हळूहळू वाकत राहते. पाहुणे येतात आणि जातात. टाकी रात्रंदिवस तिथेच असते.

कड्यांची टोके पेचकसाने टोचून पाहा. पेचकस सहज आत रुतला किंवा ठोकल्यावर पोकळ आवाज आला, तर वाळवी किंवा कूज आत शिरली आहे. मग टाकी खालीच ठेवावी. खालीही शहाबादी फरशी ठोकून पाहावी, कारण फरशीखालची भर खचलेली असू शकते. स्टँडचे चार पाय तीन-तीन सेंटिमीटरचे असतील, तर सगळे वजन जेमतेम ३६ चौरस सेंटिमीटरवर येते. खाली टाकीच्या तळाएवढी, जाड आणि सपाट फळी घातली की तेच वजन दीडशेपट जागेवर पसरते.

पाणी खाली दाबते, तसे बाजूंनाही रेटते. समोरच्या काचेवर हा रेटा सुमारे १०० किलोंचा असतो. सिमॉन स्टेव्हिनने १५८६ साली दाखवून दिले की पाण्याचा दाब फक्त खोलीवर ठरतो. काचेमागे दीड फूट पाणी असो की अख्खे सरोवर, खोली तीच असेल तर रेटाही तोच! खोली दुप्पट केली, की तो चौपट होतो. म्हणून उंच टाकीपेक्षा बुटकी, पसरट टाकी जुन्या घराला मानवते.

आपल्या भागाला भूकंपाचा विसर पडून चालत नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला दगड-मातीच्या भिंती ढासळल्या आणि जड माळवदे माणसांवर आली. खांब-तुळईचा सांगाडा मात्र कित्येक घरांत उभा राहिला. १० जुलै २०२४ ला हिंगोलीकडचा धक्का नांदेडपर्यंत जाणवला. हादऱ्यात टाकीतले पाणी हिंदकळते आणि स्टँडला ढकलते. तेव्हा स्टँड दगड-मातीच्या भिंतीला नव्हे, मजबूत खांबाला बांधावा, आणि टाकी अंथरुणापासून दूर ठेवावी. टाकी साफ करताना काढलेले पाणीही भिंतीच्या पायथ्याशी ओतू नये. काळी माती भिजली की फुगते, वाळली की भेगाळते, आणि तिच्यासोबत पायाही हलतो.

शेवटची परीक्षा पाणीच घेते. तुळईखाली टोकापासून टोकापर्यंत दोरा ताणा आणि मधले अंतर मोजून ठेवा. आधी दोन इंच पाणी भरून चारही कोपऱ्यांत खोली मोजा. फरक दिसला, तर टाकी रिकामी करून स्टँड समतल करा, नाहीतर काच पिळवटते आणि सांध्यावर ताण येतो. मग पाव टाकी, अर्धी टाकी, पूर्ण टाकी असे भरत जा. दर टप्प्याला एक रात्र जाऊ द्या आणि दोऱ्यापासूनचे अंतर पुन्हा मोजा. अंतर सारखे बदलत राहिले, तर पाणी काढा आणि जाणत्या अभियंत्याला बोलवा. मासे सोडण्याची घाई नको. शे-दीडशे वर्षे भार पेललेल्या लाकडाला नवे ओझे देण्याआधी एवढी विचारपूस त्याच्या वाट्याला यायलाच हवी.