टिकलीखालचा डाग

डॉक्टरबाई कपाळ बघतच नाहीत. आधी हात पुढे करायला सांगतात, मग पायांची बोटं, ओठांचे कोपरे, पापण्या. मावशींची तक्रार मात्र कपाळावरच्या एकाच पांढऱ्या ठिपक्याची: बरोब्बर टिकलीएवढा, गोल.

दवाखाना पुण्यातल्या बुधवार पेठेत. जिना उतरून चार पावलं टाकली की तुळशीबाग, आणि तिथे टिकल्यांच्या पाकिटांची तोरणं. काही टिकल्यांच्या गोंदात पॅरा-टर्शरी-ब्युटाइल फिनॉल असतं. त्याची ठेवण टायरोसिन या अमिनो आम्लासारखी. टायरोसिनपासून रंग बनवणाऱ्या कातडीतल्या पेशी त्याला फसतात आणि आतून होरपळतात. इथवर ही निव्वळ रसायनाची इजा. टिकली सोडली की अनेकींचा डाग तिथेच थांबतो, काहींचा भरूनही येतो.

काहींचा थांबत नाही, आणि खरा प्रश्न तिथे सुरू होतो. होरपळलेली रंगपेशी धोक्याचे इशारे सोडते. तिची बदललेली प्रथिनं लसिकाग्रंथीत पोचतात. आपल्याच शरीरावर उलटू शकतील अशा टी-पेशी निरोगी माणसाच्या रक्तातही असतात. बऱ्याचशा छातीतल्या थायमस ग्रंथीतच बाद होतात. निसटलेल्यांना नियामक टी-पेशी आवरून धरतात. या दुसऱ्या बंदोबस्ताच्या शोधाबद्दलच २०२५ चं वैद्यकाचं नोबेल शिमॉन साकागुची, मेरी ब्रुंकाव आणि फ्रेड रॅम्सडेल यांना मिळालं. कोड या आजारात हा बंदोबस्त तोकडा पडतो. मग मारेकरी टी-पेशी धडधाकट रंगपेशींनाही टिपतात, आणि त्यांनी सोडलेल्या इंटरफेरॉन-गॅमामुळे आणखी कुमक येत राहते.

म्हणून बाईंची नजर टिकली कधीच न लागलेल्या जागांवर. महागड्या रक्ततपासणीपेक्षा मला ही पद्धत फार पटली.

खोलीतले दिवे मालवले. वूडच्या दिव्याच्या जांभळट उजेडात डाव्या करंगळीच्या सांध्यावर काहीतरी निळसर-पांढरं चमकलं.

“हे कधीपासून, मावशी?”

“कुठलं?”

मग बाईंनी भिंगातून कपाळावरची लव पाहिली. काळी निघाली. केसांच्या मुळाशी रंगपेशींचा साठा शिल्लक असला की रंग तिथूनच बारीक ठिपक्यांनी परततो. बोटांच्या टोकांवर केसच नसतात. तिथले डाग भारी चिवट.

मावशींना मांडीची कातडी काढून लावायचं ऑपरेशन हवं होतं. बाईंनी सरळ नाही म्हटलं. डाग निदान वर्षभर जागचा हलता कामा नये. हल्ला चालू असताना लावलेली कातडीही पांढरी पडते, आणि जिथून काढली तिथे नवा चट्टा उठू शकतो. तोवर मलम आणि ३११ नॅनोमीटरच्या अतिनील किरणांचे डोस. इंटरफेरॉनचा निरोप पेशीच्या आत अडवणाऱ्या रुक्सोलिटिनिब मलमाला अमेरिकेत २०२२ मध्ये कोडासाठी मान्यता मिळाली. पण उपचार थांबले की डाग बऱ्याचदा जुन्याच जागी उगवतो, कारण स्मृती राखणाऱ्या टी-पेशी त्या कातडीतच मुक्काम ठोकून असतात.

याच शहरात डॉ. माया तुळपुळे यांची श्वेता असोसिएशन कोड असलेल्यांसाठी काम करते. तिचा पत्ता लिहून घेताना मावशींनी खालच्या आवाजात विचारलं, “लेकीचं बघायला सुरुवात केलीय. तिला होईल का?”

“शक्यता थोडी वाढते, पण बहुतेकांच्या मुलांना होत नाही. आणि शिवून तर होतच नाही. पुढच्या खेपेला तिलाच घेऊन या, मी सांगते तिला.”