घाम न येणारे बाळ

मे महिन्यात शिवमंदिराचा काळा दगड हाताला चटका देतो. अशा दिवसांत एखादे तान्हे बाळ वारंवार तापाने फणफणते. तपासण्यांत काही निघत नाही, औषध लागू पडत नाही. पण ओल्या फडक्याने अंग पुसले की ताप उतरतो. अशा वेळी बाळाला घाम येतो की नाही, हे पाहून डॉक्टरांना जरूर सांगावे.

याचे मूळ गर्भावस्थेत असू शकते. चौथ्या आठवड्याच्या सुमारास गर्भाची त्वचा पेशींच्या अवघ्या एका थराची असते. पी-६३ नावाचे जनुक त्या पेशींना वळण लावते आणि थरावर थर चढतात. हे जनुक नसलेली उंदरांची पिल्ले त्वचेविना जन्मली व अंगातले पाणी उडून लगेच दगावली, असे १९९९ मध्ये प्रसिद्ध झाले. याच बाह्य थरातून केस, दात आणि घामाच्या ग्रंथी यांचे अंकुर फुटतात. ते कोठे फुटावेत, हा निरोप ईडीए या जनुकाकडून मिळतो. निरोप बिघडला की केस विरळ, दात मोजके व टोकदार, आणि घाम जवळजवळ नाही.

डार्विनने १८७५ च्या ग्रंथात सिंधमधील एका हिंदू कुटुंबाची अशीच हकीकत दिली आहे. चार पिढ्यांत दहा पुरुषांना मोजकेच दात होते आणि उन्हाळ्यात त्यांची कातडी कोरडी पडे. मुली निरोगी असत, पण दोष त्यांच्या मुलग्यांत उतरे. उल्हासनगर वसवणारे निर्वासित त्याच सिंधमधून आले. तरी हा सिंधी समाजाचा आजार नव्हे, तो जगभर आढळतो.

ईडीए जनुक एक्स गुणसूत्रावर आहे; ते १९९६ मध्ये ओळखले गेले. स्त्रीला दुसरे एक्स सांभाळून घेते. तिच्यात लक्षणे सहसा सौम्य असतात, जसे काही दात कमी असणे. पुरुषाला एक्स एकच. दोष वाहणाऱ्या आईच्या प्रत्येक मुलग्याला तो होण्याची शक्यता निम्मी. सुनेने ग्रहणात भाजी चिरली म्हणून असे झाले, हे बोलणे निव्वळ छळ आहे.

जर्मनीत गर्भाशयातच हे प्रथिन देऊन जन्मलेल्या जुळ्यांना घाम येऊ लागल्याचे २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. अजून ते नेहमीचे उपचार नाहीत. तोवर ओला सदरा, पंखा, भरपूर पाणी आणि दुपारचे ऊन टाळणे. मात्र ताप न उतरल्यास बाळाला लगेच दवाखान्यात न्यावे. घाम न येणाऱ्या मुलालाही जंतुसंसर्ग होतोच.