घरच्या गॅरेजसाठी वेल्डिंग यंत्र : कोणते घ्यावे?

कोऱ्हाळे बुद्रुकमधील अकरावीच्या एका विद्यार्थ्याचा प्रश्न त्याच्या शिक्षकांनी आमच्याकडे पाठवला आहे. घरी आजोबांची जुनी जीप आहे. तिच्या बुडाचा पत्रा गंजून भोके पडली आहेत. ती आपणच बुजवावीत, पुढे मोटारसायकलचे स्टँड, सामानाची जाळी अशी कामेही घरीच करावीत, असे त्याला वाटते. ‘२०० अँपिअर’ असे मोठ्या अक्षरांत लिहिलेले यंत्र पाच-सहा हजारांत मिळते. ते घ्यावे का?

प्रश्न खरेदीचा दिसतो, पण त्याचे उत्तर दहावी-बारावीच्या पदार्थविज्ञानात आहे. म्हणून ते सगळ्यांसाठीच देत आहोत.

आधी पत्रा मोजा

गळीत हंगामापूर्वी नीरा-बारामती रस्त्यावरच्या वर्कशॉपमध्ये उसाच्या ट्रॉल्या दुरुस्त होताना आपण पाहतो. तिथले अँगल आणि चॅनेल पाच-सहा मिलिमीटर जाडीचे असतात. गाडीच्या अंगाचा पत्रा मात्र बहुधा १ मिलिमीटरच्या आसपास असतो. ही दोन कामे एकाच यंत्राने होतील असे समजणे, ही पहिली चूक.

वेल्डिंगची ज्योत म्हणजे रॉडचे टोक आणि लोखंड यांच्यामधील हवेतून वाहणारा विद्युतप्रवाह. तिचे तापमान काही हजार अंश असते आणि पोलाद सुमारे १५०० अंशांना वितळते. जाड लोखंडात उष्णता चटकन आत पसरते, म्हणून जास्त प्रवाह लागतो. पातळ पत्र्यात तिला जायला जागाच नसते, म्हणून पत्रा वितळून भोक पडते. ढोबळ हिशेब असा, की दर मिलिमीटर जाडीला सुमारे ४० अँपिअर. म्हणजे जीपच्या पत्र्याला ४० आणि २ मिलिमीटरच्या नळीला ८० अँपिअर पुरतात. मग २०० चा आकडा कशासाठी?

नेहमीच्या वेल्डिंग रॉडने होणारे काम २.५ मिलिमीटरच्या रॉडवर सुरू होते. या रॉडला साधारण ५० ते ९० अँपिअर लागतात. १ मिलिमीटरच्या पत्र्यावर तो नवख्या हाताने चालवला, तर एक भोक बुजवताना शेजारी दुसरे पडते. अशा पत्र्याला ‘मिग’ यंत्र योग्य. त्यात ०.६ किंवा ०.८ मिलिमीटरची तार रिळावरून आपोआप पुढे येते. प्रवाह कमी ठेवता येतो आणि ठिपक्या-ठिपक्यांनी जोड देता येतो. मात्र त्याला कार्बन डायऑक्साइडचे किंवा आर्गनमिश्रित वायूचे सिलिंडर लागते. वायूशिवाय चालणारी, पोटात फ्लक्स भरलेली तारही मिळते, पण तिने शिंतोडे फार उडतात. मिगची किंमत रॉडच्या यंत्राच्या साधारण दुप्पट-तिप्पट असते.

मग घरची वायर पाहा

८० अँपिअरवर ज्योतीचा दाब सुमारे २३ व्होल्ट असतो. शक्ती = २३ × ८० = १८४० वॅट. ही झाली ज्योतीची गरज. यंत्र घरच्या लाइनमधून किती प्रवाह ओढते, हा प्रश्न वेगळा.

जुने ट्रान्सफॉर्मरचे यंत्र घेऊ. ज्योत पेटण्यापूर्वी त्याचा दाब सुमारे ७० व्होल्ट असतो. ८० अँपिअर देताना ते लाइनकडून जवळजवळ ७० × ८० = ५६०० व्होल्ट-अँपिअर मागते. त्याला २३० ने भागले की येतात २४ अँपिअर. घरातला मोठा प्लग १६ अँपिअरचा! वेल्डिंग सुरू झाले की शेजारचे दिवे का मंदावतात, ते यावरून कळते.

आजचे इन्व्हर्टर यंत्र हेच काम १४-१५ अँपिअरमध्ये करते. वायरमधली उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, त्यामुळे १५ ऐवजी २४ अँपिअर वाहिले तर वायर अडीच पट तापते. म्हणून घरासाठी इन्व्हर्टर यंत्रच घ्यावे.

ते इतके हलके का असते, हा वर्गात विचारण्याजोगा प्रश्न आहे. त्यातही ट्रान्सफॉर्मर असतोच. पण लाइनचा ५० हर्ट्झचा प्रवाह आधी एकदिश करून तो सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद केला जातो. फॅरडेच्या नियमानुसार, चुंबकीय क्षेत्र जितक्या वेगाने बदलते तितके थोडे लोखंड आणि थोडे वेढे पुरतात. म्हणून दोघांनी उचलायचे यंत्र आता एका हातात मावते.

एक सावधगिरी हवी. लाइनचा दाब १८० व्होल्टपर्यंत उतरला, तर तीच शक्ती मिळवण्यासाठी इन्व्हर्टर यंत्र १८-१९ अँपिअर ओढू लागते. वस्तीच्या टोकाच्या घरांनी हे ध्यानात ठेवावे. वायरमनकडून ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची वेगळी लाइन, योग्य एमसीबी आणि पक्के अर्थिंग करून घ्यावे.

छोट्या अक्षरांतला आकडा

यंत्राच्या पाटीवर ‘१६० अँपिअर, २० टक्के’ असे काही लिहिलेले असते. अर्थ असा, की त्या प्रवाहाला १० मिनिटांपैकी २ मिनिटेच ज्योत चालवायची आणि ८ मिनिटे यंत्र थंड होऊ द्यायचे. प्रवाह निम्मा केला की उष्णता चौथाई होते. म्हणजे ८० अँपिअरवर तेच यंत्र १० पैकी ८ मिनिटे चालेल. हा आकडा ४० अंश तापमानाला मोजलेला आहे का, तेही विचारावे. छंदासाठीच्या काही यंत्रांची मोजणी २० अंशांवर केलेली असते. बारामतीच्या एप्रिल-मे महिन्यांत ती उपयोगाची नाही.

पैसे कुठे वाचवू नयेत

ज्योतीतून तीव्र अतिनील किरण निघतात. ते क्षणभर डोळ्यात गेले तर त्या वेळी काहीच वाटत नाही. काही तासांनी, बहुधा रात्री, डोळ्यात वाळू गेल्यासारखे होते. यालाच लोक ‘वेल्डिंग लागले’ म्हणतात. साधा गॉगल चालत नाही. १० किंवा ११ क्रमांकाच्या काचेचा मुखवटा हवा आणि भोवती पाहत उभ्या असलेल्या मुलांसाठी आडोसाही हवा. चामड्याचे हातमोजे, सुती कपडे आणि मोकळी हवा तितकीच आवश्यक. जस्ताचा मुलामा असलेला पत्रा जाळला तर त्याच्या धुराने ताप येतो, म्हणून मुलामा आधी घासून काढावा.

गाडीवर काम करताना बॅटरीची तार सोडावी आणि अर्थ क्लॅम्प जोडाच्या अगदी जवळ लावावा. तो दूर लावला तर प्रवाह बेअरिंगमधून वाट काढतो आणि ते खराब करतो. पेट्रोलची टाकी रिकामी असली तरी तिला कधीही वेल्डिंग करू नये. आत उरलेल्या वाफेचा स्फोट होतो. स्टिअरिंग, ब्रेक आणि चासी ही कामे जाणत्या कारागिराचीच.

आधी हात, मग यंत्र

शिरूर तालुक्यातील पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. तिथे शाळा सोडलेली मुले वेल्डिंग शिकली, आणि जीपचे जुने भाग वापरून ‘मेकबुल’ नावाचा छोटा ट्रॅक्टरही तिथे तयार झाला. तिथली दिशा अशी, की काम आधी हाताने करायचे आणि त्यातूनच विज्ञान समजून घ्यायचे.

म्हणून आमच्या विद्यार्थिमित्राला सल्ला असा : जीपचे बूड हे एकदाचेच काम असेल, तर पत्रा कापून, घासून तयार ठेव आणि जोड वर्कशॉपमधून मारून घे. स्टँड आणि जाळी घरी करायची, तर साधे इन्व्हर्टर रॉड-यंत्र पुरे. पत्र्याची कामे वरचेवर करायची असतील, तरच मिगचा विचार कर. काहीही घेण्याआधी आयटीआयच्या निदेशकांसमोर किंवा ओळखीच्या कारागिरासमोर भंगाराच्या तुकड्यांवर पाच-दहा रॉड जाळून पाहा. आणि सुरुवातीला एकट्याने काम करू नकोस.

वर्गासाठी : बंद असलेल्या एखाद्या वेल्डिंग यंत्राची पाटी विद्यार्थ्यांना उतरवून आणायला सांगा. ८० अँपिअरवर ते १० मिनिटांत किती वेळ चालेल आणि आपल्या प्रयोगशाळेच्या प्लगला ते झेपेल का, याचे गणित फळ्यावर करा.