फाळक्यावरचा साज उतरवताना

१९२५ सालच्या एप्रिल महिन्यात अमेरिकेतील फोर्ड कंपनीने आपल्या मॉडेल टी गाडीच्या पाठीवर पोलादी हौदा बसवून ती २८१ डॉलर किमतीला विक्रीस आणली, तेव्हा त्या हौद्याच्या मागच्या फाळक्याकडून, धान्याची पोती आणि गवताचे भारे यांची चढउतार सोयीची व्हावी, यापलीकडे कोणाची काही अपेक्षा नव्हती. तोपर्यंत तेथील शेतकरी आणि लहान व्यापारी साध्या मोटारीच्या मागे आपापल्या ऐपतीप्रमाणे पेटारा ठोकून घेत. कारखान्यातूनच तयार होऊन येणाऱ्या हौद्याने त्यांची ती दगदग वाचवली आणि पिकअप ट्रक नावाचे एक कष्टाळू वाहन अमेरिकेच्या ग्रामजीवनात स्थिर झाले. आज त्याच वाहनाच्या फाळक्यावर काळ्या तकतकीत प्लास्टिकची किंवा क्रोमचा मुलामा दिलेली एक रुंद पट्टी मिरवत असते, आणि ती उतरवून फाळका पुन्हा साधा करावा असे वाटणारे मालकही पुष्कळ आहेत. हे काम वरवर पाहता किरकोळ दिसते. परंतु कारखान्याने कायमचे म्हणून जोडलेले दोन जिन्नस एकमेकांपासून, दोघांपैकी एकालाही इजा न होऊ देता, वेगळे करणे ही एक स्वतंत्र विद्या आहे, आणि जोडण्याच्या विद्येइतकाच तिचाही मान आपण राखला पाहिजे.

जुन्या पिकअपच्या फाळक्यावर निर्मात्याचे नाव ठशाने पत्र्यातच उठवलेले असे. अक्षरे पत्र्याचाच भाग असल्यामुळे ती काढण्याचा प्रश्न उद्भवत नसे; फार तर त्यांना वेगळा रंग देऊन उठाव आणावा, एवढेच मालकाच्या हाती होते. पुढे हे वाहन शेतावरून शहरात आले, कुटुंबाला घेऊन बाजारहाटाला आणि सहलीला जाऊ लागले, आणि त्याच्या किमतीबरोबर त्याच्या साजशृंगाराच्या पायऱ्याही वाढत गेल्या. १९७० नंतरच्या दशकात उंची प्रकारांच्या फाळक्यावर चकाकत्या ॲल्युमिनियमचा पत्रा चढू लागला. त्याची जागा कालांतराने साच्यात ओतलेल्या प्लास्टिकने घेतली. मागून येणाऱ्या प्रत्येकाच्या नजरेसमोर फाळक्याइतका रुंद आणि सपाट भाग गाडीवर दुसरा कोणता नसल्यामुळे, गाडी कोणत्या दर्जाची आहे हे जाहीर करण्यासाठी कारखानदारांनी त्याचीच निवड करावी, हे व्यापारी न्यायाला धरूनच झाले.

मग तो साज उतरवावयाचा कशासाठी? काहींच्या बाबतीत हा केवळ अभिरुचीचा प्रश्न असतो. गाडी जितकी निराभरण तितकी ती त्यांना अधिक भावते. काहींची पट्टी उन्हाने विटलेली, किंवा तिच्यावरचा क्रोम पापुद्र्याप्रमाणे सुटू लागलेला असतो. फाळक्याला पोचा आला असेल तर पट्टी काढल्यावाचून कारागिराला पत्र्यापर्यंत पोहोचताच येत नाही. परंतु सर्वांत गंभीर कारण हवामानात आहे. मिशिगन, ओहायो, मिनेसोटा या उत्तरेकडील राज्यांत हिवाळ्यात रस्त्यावरील बर्फ वितळवण्यासाठी मीठ टाकतात. मोटारधंद्याचे माहेरघर असलेल्या डेट्रॉइट शहराच्या पोटातच, सुमारे १,२०० फूट खोलीवर, मिठाची विस्तीर्ण खाण आहे. रस्त्यावरचे हे खारे पाणी धुळीसह पट्टीच्या वरच्या काठामागे झिरपते, तेथे वारा लागत नाही म्हणून वाळत नाही, आणि दिसत नाही म्हणून कोणी धुतही नाही. बाहेरून फाळका लखलखीत असतानाच आत पोलादाला गंज धरलेला असतो. खाऱ्या हवेचा हा अंमल आपल्या कोकणपट्टीतील वाहनमालकांना नव्याने सांगावयास नको.

ज्याला हे काम हाती घ्यावयाचे आहे, त्याने प्रथम पट्टी कशाच्या आधारे धरलेली आहे याची खातरजमा करावी. काही गाड्यांवर ती निव्वळ दोन्ही बाजूंनी चिकटणाऱ्या फोमच्या टेपवर उभी असते. काहींवर टेपच्या जोडीला मागून निघालेल्या खुंट्या पत्र्यातील भोकांत बसवलेल्या असतात, आणि काहींवर त्या खुंट्यांना आतून नट आवळलेले असतात. फाळका खाली पाडून त्याच्या आतल्या अंगाचे झाकण स्क्रू काढून उघडले, तर हा तपशील समक्ष पाहावयास मिळतो. नट न सोडता बाहेरून ओढाताण करणाऱ्याच्या हाती मोडलेली पट्टी आणि वाकलेला पत्रा याखेरीज काही लागत नाही.

टेपची गोष्ट मात्र थोडी सविस्तर सांगावयास हवी. मोटारीला दोन रंग देताना त्यांची सीमारेषा स्वच्छ यावी म्हणून रंगारी जे कागद चिकटवीत, ते काढताना ताजा रंगच उखडून येई. ही अडचण सेंट पॉल येथील थ्री-एम कंपनीच्या रिचर्ड ड्रू या तरुणाने पाहिली आणि १९२५ सालीच, म्हणजे फोर्डचा पिकअप बाजारात आला त्याच वर्षी, सहज सुटणारी मास्किंग टेप तयार केली. त्याच कंपनीने १९८० साली याच्या अगदी उलट गुणाची, जन्मभर न सुटण्याच्या हेतूने बनवलेली ॲक्रिलिक फोमची टेप बाजारात आणली. या जातीच्या टेपमुळे पत्र्याला भोके पाडण्याची, रिबिटे मारण्याची गरज पुष्कळच कमी झाली. तिचे सामर्थ्य नुसत्या चिकटपणात नाही. पत्रा आणि प्लास्टिक ही दोन्ही उन्हात निरनिराळ्या प्रमाणात प्रसरण पावतात, आणि मधला फोम ताणला जाऊन तो फरक सोसून घेतो.

मात्र जो गुण तिला टिकाऊ करतो, तोच तिला सोडवण्याचा मार्गही दाखवतो. हा पदार्थ धड घनही नव्हे आणि धड द्रवही नव्हे. अकस्मात हिसका दिला तर तो कठीण होऊन प्रतिकार करतो. मंद, अखंड ताण दिला तर हळूहळू वाहू लागतो. आणि ऊब मिळाली की त्याची हट्टी वृत्ती झपाट्याने कमी होते. तिळगुळाचा पाक गरम असताना तार धरतो आणि निवाल्यावर ठोसा मारताच तडकतो, तसाच काहीसा हा प्रकार आहे. म्हणून थंडीच्या दिवसांत, उघड्यावर, लोखंडी पाना खुपसून पट्टी उचकटणाऱ्याचा सारा जोर टेपऐवजी रंगावर पडतो, आणि रंगाचा थर पत्र्याशी असलेले आपले नाते तोडून पट्टीबरोबर निघून येतो. कारखान्यात भट्टीत भाजलेला मूळ रंग बहुधा तग धरतो. अपघातानंतर गॅरेजमध्ये दिलेला रंग तितका घट्ट नसतो, सबब फाळका पूर्वी रंगवलेला आहे काय, याची चौकशी आधीच करावी.

काम सुरू करण्यापूर्वी फाळका साबणाच्या पाण्याने स्वच्छ धुऊन कोरडा करावा, कारण मागे राहिलेला रेतीचा एकेक कण पुढे काचकागदासारखा रंगावर फिरणार असतो. पट्टीच्या कडेने मास्किंग टेपचे दोन-तीन थर लावावेत. मग हीट गन किंवा साधा हेअर ड्रायर एका जागी न धरता सतत फिरवत ठेवावा. पत्रा हाताला चांगला ऊन लागावा, पण चटका बसण्याइतका तापू नये, हे प्रमाण पुरेसे आहे. नंतर गळाला लावतात तो जाड तंगूस हातभर लांब घेऊन त्याची दोन्ही टोके लाकडाच्या लहान दांड्यांना गुंडाळावीत, पट्टीच्या एका वरच्या कोपऱ्यामागे तो सरकवावा आणि करवत चालवावी त्याप्रमाणे, पत्र्याला समांतर राखून, पुढेमागे ओढत राहावे. आरंभी काहीच घडत नाहीसे वाटते. मग दोरा किंचित आत जातो, फोम कापला जात असल्याचा रबरी प्रतिकार बोटांना जाणवतो, आणि कापलेल्या जागी पट्टी पत्र्यापासून सुटून तिच्या मागे काळसर रेघ दिसू लागते. या फटीत प्लास्टिकची पाचर अडकवून ठेवावी, पुढचा वीतभर भाग पुन्हा उबवावा आणि दोरा पुढे न्यावा. दोरा एकाएकी अडला तर ती खुंटीची जागा समजावी. तेथे जोर न करता तिला वळसा घालावा. पट्टीला मागे पाहण्याचा कॅमेरा अथवा दिवा जोडलेला असेल, तर तारेची जोडणी सोडवल्याखेरीज ती दूर ओढू नये. अमेरिकेत मे २०१८ पासून नव्या हलक्या वाहनांना असा कॅमेरा सक्तीचा आहे आणि पिकअपमध्ये तो बहुधा फाळक्यावरच असतो.

पट्टी हातात आली म्हणजे काम संपले, असा समज पुष्कळांचा होतो; वस्तुतः निम्मे काम तेथून पुढे असते. पत्र्यावर फोमचे करड्या-काळ्या रंगाचे ओघळ राहतात. त्यातील जाड भाग पुन्हा उबवून अंगठ्याने गुंडाळत काढावा. उरलेल्या थरासाठी ड्रिलला लावावयाचे रबरी चाक मिळते. ते मंद गतीने आणि हलक्या हाताने चालवावे, एका जागी रेंगाळल्यास घर्षणाच्या उष्णतेने रंग करपतो. शेवटचा चिकटा आयसोप्रोपिल अल्कोहोलने किंवा खास त्यासाठी बनवलेल्या द्रावणाने पुसावा, आणि तेही आधी एखाद्या आडोशाच्या जागी लावून पाहावे. थिनरचा मोह कटाक्षाने टाळावा. तो गोंद विरघळवतो, पण नव्या रंगाला आणि प्लास्टिकलाही तो सोडत नाही.

त्यानंतर फाळका आपले खरे रूप दाखवतो. जेथे पट्टी होती तेथील रंग वर्षानुवर्षे उन्हापासून सुरक्षित राहिलेला असल्यामुळे भोवतालच्या रंगाहून गडद दिसतो. रबिंग आणि पॉलिशने हा फरक पुष्कळ कमी होतो. सर्वस्वी नाहीसा होईलच अशी हमी देता येत नाही. काही गाड्यांत पट्टीसाठी पत्र्यात मुद्दाम खोलगट जागा केलेली किंवा भोके पाडलेली आढळतात. लहान भोके रबरी बुचांनी बंद करता येतात. ती कायमची बुजवावयाची तर डाख मारणे, लांबी भरणे आणि सबंध फाळका रंगवणे एवढा सरंजाम लागतो, आणि अशा वेळी साधा, विनापट्टीचा फाळकाच विकत घेणे अधिक सोयीचे पडते काय, याचा हिशेब आधी करावा. फोर्डच्या २०१५ पासूनच्या एफ-१५० या पिकअपचे शरीर ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचे आहे. त्याला तांबूस गंज चढत नसला, तरी उघड्या ओरखड्यात पोलादी हत्याराचे कण आणि खारे पाणी एकत्र आले की धातू झिजून रंगाखाली फोड उठतात. म्हणून तेथे लोखंडी हत्यार वापरूच नये, आणि कोठे रंग निघालाच तर त्याचा बंदोबस्त त्याच दिवशी करावा.

आपल्याकडेही डबल केबिनच्या पिकअप आता दिसू लागल्या आहेत आणि शोभेच्या पट्ट्या चिकटवून देणारी दुकाने तर प्रत्येक शहरात आहेत. तेव्हा ही माहिती केवळ मिशिगनमधील मराठी कुटुंबांच्या उपयोगाची राहिलेली नाही. माझे आग्रहाचे सांगणे असे आहे की, वस्तू विकत घेताना ती कशी जोडली आहे इतकेच न विचारता, ती कशी सोडवता येईल हेही विचारण्याचा प्रघात आपण पाडावा. ज्या पट्टीमागे नट आणि खुंट्या असतात, ती दहा वर्षांनी कोणीही सामान्य कारागीर अर्ध्या तासात उतरवू शकतो, पत्रा धुऊ शकतो, गंज थोपवू शकतो आणि पट्टी पुन्हा जागच्या जागी बसवू शकतो. जी केवळ चिकटवलेली आहे, ती उतरवताना टेपचा प्रत्येक इंच नष्ट करावा लागतो. जोडणी स्वस्त आणि जलद झाली याचा लाभ कारखान्याला तत्काळ मिळतो. सोडवणुकीचा खर्च मात्र मालकाच्या आणि त्याच्या गॅरेजवाल्याच्या माथी पडतो. दुरुस्त करता येणे हा वस्तूच्या गुणांपैकी एक प्रमुख गुण आहे असे ग्राहक ठामपणे मानू लागले, तर कारखानदारांनाही त्याची दखल घेणे भाग पडेल. आणि तोवर ऊब, तंगूस आणि सबुरी ही साधने प्रत्येक मालकाला उपलब्ध आहेत.