आखातात जाण्यापूर्वी पगार नव्हे, शिल्लक मोजा

सौदी किंवा दुबईहून सुटीवर आलेल्या माणसाच्या बॅगा साऱ्या मोहल्ल्याला दिसतात. त्याची कर्जाची वही मात्र घरच्यांखेरीज कोणी पाहत नाही. आपल्याकडचा तरुण कारागीर बहुतेक वेळा बॅगा पाहूनच निर्णय घेतो. अकोल्यातील गॅरेजवाला असो, परतवाड्याच्या लाकूडबाजारातला सुतार असो की अमरावतीचा शिंपी, प्रत्येकाच्या ओळखीत कोणीतरी ‘बाहेर’ असतो आणि एक दिवस आपणही दुकानाला कुलूप लावून निघावे, असा विचार मनात घर करतो.

वेल्डर, गवंडी, सुतार, इलेक्ट्रिशियन, ड्रायव्हर यांना आखाती देशांत मागणी आहे, ही गोष्ट खरी आहे. तिकडच्या कमाईवर घरे बांधली गेली, बहिणींची लग्ने झाली, मुले शिकली, हेही खरे आहे. तेव्हा जाऊ नका, असे सांगण्याचा येथे हेतू नाही. जाण्यापूर्वी कोणता हिशोब मांडावा आणि मागे काय शाबूत ठेवावे, एवढेच सांगायचे आहे.

कामाला जाणे वेगळे, स्थायिक होणे वेगळे

वऱ्हाडला परक्या मुलखातून आलेल्या लोकांची चांगली ओळख आहे. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झाले, तिकडचा कापूस विलायतेला मिळेनासा झाला आणि वऱ्हाडच्या कापसाला भाव आला. १८६७ साली रेल्वे नागपूरपर्यंत पोहोचली. कापसाच्या व्यापारामागे कच्छी मेमन, गुजराती, मारवाडी व्यापारी येथे आले. त्यांनी पेढ्या काढल्या, जागा विकत घेतल्या, आणि त्यांची मुलेबाळे वऱ्हाडचीच होऊन गेली. कोकणातील मुसलमानांनीही दक्षिण आफ्रिकेतील केपटाऊनला जाऊन अशीच पिढ्यान्‌पिढ्या वस्ती केली.

आखातात जाणारा कारागीर मनात नकळत हेच चित्र घेऊन जातो. आधी आपण जाऊ, मग भावाला नेऊ, मग बायकामुलांना बोलावू. प्रत्यक्षात आखाती देशांत वीस-पंचवीस वर्षे घाम गाळला तरी सामान्य कामगाराला तेथील नागरिकत्व मिळत नाही. तेथे जन्मलेल्या त्याच्या मुलांनाही ते मिळत नाही. राहण्याचा परवाना, म्हणजे इकामा, नोकरीशी बांधलेला असतो. नोकरी संपली की राहणेही संपते.

कुटुंब नेण्याचा खर्च पाहा. सौदी अरेबियाने जुलै २०१७ पासून परदेशी कामगाराच्या कुटुंबातील प्रत्येक माणसामागे दरमहा १०० रियाल फी लावली. ती दरवर्षी वाढत जुलै २०२० मध्ये ४०० रियाल झाली. म्हणजे बायको आणि दोन मुले नेली तर नुसती फी वर्षाला १४,४०० रियाल. ज्याचा पगार महिना १,४०० रियाल आहे, त्याची वर्षाची सारी कमाई १६,८०० रियाल होते. शिवाय कुटुंबाचा व्हिसा सरसकट प्रत्येक कामाच्या माणसाला मिळतही नाही. सबब, वेल्डर किंवा गवंडी म्हणून जाणाऱ्याने आपण मुदतीच्या कामावर एकटे जात आहोत, हे घरच्यांना पहिल्या दिवशीच सांगून ठेवावे.

वहीत मांडून पाहा

एजंट सांगतो, ‘चौदाशे रियाल पगार.’ २०२४ साली एका रियालला सुमारे २२ रुपये मिळत होते. त्या भावाने हे ३०,८०० रुपये झाले. ऐकणाऱ्याला वाटते, महिन्याला तीस हजार घरी येणार. आता दुकानाच्या वहीत मांडतो तसे मांडून पाहू. खालील आकडे केवळ उदाहरणादाखल घेतले आहेत. आपण आपले आकडे घालावेत.

समजा, राहण्याची सोय कंपनीची आहे, पण जेवण आपले आहे. जेवणाला ३५० रियाल, फोन, साबण, औषध, केस कापणे यांना १३०, पैसे पाठविण्याला २०. असे ५०० रियाल तेथेच गेले. उरलेले ९०० रियाल म्हणजे १९,८०० रुपये घरी आले. घरखर्चाला १२,००० लागतात असे धरू. शिल्लक ७,८०० रुपये. दोन वर्षांच्या करारात ही शिल्लक १,८७,२०० रुपये होते.

आता जाण्याचा खर्च. समजा, एजंटाला आणि इतर कामांना मिळून १,२०,००० रुपये दिले आणि ते उसने आणले. बिनव्याजी मिळाले तरी फिटायला साडेपंधरा महिने जातात आणि दोन वर्षांच्या अखेरीस हाती ६७,२०० रुपये राहतात. सावकाराकडून महिना शेकडा तीन दराने घेतले असतील, तर पहिल्याच महिन्यात ७,८०० पैकी ३,६०० रुपये व्याजाला जातात. असे कर्ज फिटायला जवळपास २१ महिने लागतात. चोवीस महिन्यांपैकी कारागिराचे स्वतःचे महिने फक्त तीन.

हाच माणूस अकोल्यात किंवा अमरावतीत राहून महिना १५,००० कमावत असेल आणि घरखर्च तोच १२,००० असेल, तर दोन वर्षांत त्याचे ७२,००० रुपये शिल्लक पडतात. म्हणजे एक लाख वीस हजार बिनव्याजी आणूनसुद्धा तो दुकानात बसणाऱ्यापेक्षा मागेच राहिला. उलट जाण्याचा सारा खर्च ५०,००० मध्ये भागला, तर तोच पगार आणि तोच करार असताना हाती १,३७,२०० रुपये राहतात. फायदा-तोटा ठरतो तो पगारावर जितका, तितकाच जाताना दिलेल्या रकमेवर. ही रक्कम घासाघीस करून नव्हे, कायद्याची वाट धरून कमी होते.

कायद्याची वाट

परदेशी नोकरभरतीसाठी आपल्याकडे १९८३ चा एमिग्रेशन कायदा आहे. परवानाधारक एजंटालाच माणसे पाठविता येतात, आणि नियमांनुसार त्याने कामगाराकडून घ्यायची फी जास्तीत जास्त ३०,००० रुपये अधिक जीएसटी इतकी ठरविलेली आहे. १८ टक्क्यांनी ती ३५,४०० रुपये होते. घेतलेल्या पैशाची पावती देणे त्याला भाग आहे. गावातला जो ओळखीचा माणूस ‘मुंबईच्या ऑफिसचे काम मी पाहतो’ म्हणून रोख पैसे घेतो, त्याच्याजवळ स्वतःचा परवाना नसेल तर कायद्यात त्याला जागा नाही. पुढे काही बिघडले तर त्याला जबाबदार धरायला आपल्या हाती कागद राहत नाही. एजंटाचा परवाना चालू आहे की नाही, हे सरकारच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर पाहता येते. स्वतःला जमत नसेल तर शिकणाऱ्या मुलाकडून पाहून घ्यावे.

दहावी पास नसलेल्यांचा पासपोर्ट साधारणपणे ‘ईसीआर’ प्रकारचा असतो. असा माणूस सौदी, अमिराती, कतार, कुवेत, ओमान, बहारीन यांसह ठरावीक १८ देशांत नोकरीसाठी जात असेल, तर त्याला प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्स या अधिकाऱ्याची मंजुरी लागते. आपल्या राज्यासाठी हे कार्यालय मुंबईला आहे. पुष्कळांना ही कटकट वाटते. परंतु मंजुरीच्या वेळी नोकरीचा करार तपासला जातो, आणि प्रवासी भारतीय बीमा योजनेचा विमाही काढावा लागतो. अपघाती मृत्यू किंवा कायमचे अपंगत्व आल्यास तो १० लाख रुपयांचा आहे. दोन वर्षांसाठी त्याचा हप्ता कराखेरीज २७५ रुपये आणि तीन वर्षांसाठी ३७५ रुपये ठरविलेला आहे. ‘ही भानगड नको, फिरायच्या व्हिसावर चल, तेथे गेल्यावर कामाचा करून देतो,’ असे सांगणारा एजंट ही सारी राखण काढून घेत असतो.

व्हिसावर काय लिहिले आहे?

दुसरी फसगत हुद्द्याची. तोंडी ठरते वेल्डर, आणि व्हिसावर अरबीत लिहिलेले असते ‘आमिल’, म्हणजे साधा मजूर. तेथे पोहोचल्यावर हातात वेल्डिंगचा होल्डर न येता फावडे येते, आणि पगारही फावड्याचा मिळतो. अरबी वाचणारे मौलाना मदरशांत भेटतात. व्हिसाचा आणि कराराचा कागद त्यांच्याकडून वाचून घ्यायला पाच मिनिटे लागतात. पैसे देण्याआधी ही पाच मिनिटे काढावीत.

करारात मूळ पगार किती आणि भत्ते किती, हे वेगवेगळे पाहावे. सौदी कामगार कायद्याप्रमाणे दिवसाला ८ किंवा आठवड्याला ४८ तासांवरील कामाला तासाची मजुरी आणि वर मूळ पगाराच्या निम्म्या दराने जादा पैसे मिळतात. मूळ पगार ६०० आणि बाकी भत्ते असा करार असेल, तर जादा कामाची ही भर सहाशेच्याच हिशोबाने पडते. त्याच कायद्याप्रमाणे कामगार आणण्याची फी, इकामा आणि त्याचे नूतनीकरण यांचा खर्च मालकाने करायचा असतो. हे पैसे आपल्याकडून कोणी मागत असेल, तर कशाचे मागतो ते विचारावे. काम संपताना पहिल्या पाच वर्षांसाठी दर वर्षामागे अर्ध्या महिन्याचा पगार मिळण्याचीही तरतूद आहे. पुष्कळांना हे ठाऊक नसल्याने मागायचेच राहून जाते.

‘आझाद व्हिसा’ हा शब्द ऐकला की सावध व्हावे. अशा नावाचा व्हिसा कोणत्याही सरकारच्या दप्तरी नाही. एका कफिलाच्या नावावर जायचे, त्याला पैसे मोजत राहायचे आणि काम दुसरीकडे करायचे, असा हा व्यवहार आहे. सौदी कायद्यात तो गुन्हा ठरतो. कफिलाने ‘पळून गेला’ अशी नोंद केली, ज्याला तेथे हुरूब म्हणतात, की माणूस बेकायदा ठरतो आणि अटक होऊन परत पाठविला जातो. मार्च २०२१ पासून सौदीने खासगी कंपन्यांतील कामगारांना एक वर्षानंतर मालकाच्या संमतीविना नोकरी बदलण्याची सोय दिली. मात्र घरचा ड्रायव्हर, माळी, घरकामगार यांना त्यातून वगळले होते. आपल्याकडून घरच्या ड्रायव्हरचा व्हिसा घेणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे.

नोकरी आपल्या हाती नसते

कारागीर कितीही मेहनती असला तरी तेथील नोकरी त्याच्या मेहनतीवर टिकतेच असे नाही. २ ऑगस्ट १९९० रोजी इराकने कुवेतवर हल्ला केला आणि सुमारे १ लाख ७० हजार भारतीयांना जॉर्डनमधील अम्मानमार्गे विमानांनी परत आणावे लागले. अनेकांची आयुष्याची कमाई मागे राहिली. २०१३ मध्ये सौदीत निताकात योजनेची कडक अंमलबजावणी झाली, तेव्हा लाखाहून अधिक भारतीय परतले. २०१६ मध्ये तेलाचे भाव पडल्यावर बांधकाम कंपन्यांनी पगार थांबविले आणि हजारो भारतीय कामगार जेद्दा परिसरातील छावण्यांत अडकून पडले. त्याच वर्षी मोबाइल विक्री-दुरुस्तीचे काम सौदी नागरिकांसाठी राखून ठेवण्यात आले. दोन वर्षांनी कपडे, घड्याळे, चष्मे, मोटारीचे सुटे भाग अशा १२ प्रकारच्या दुकानांतही तसेच नियम आले. त्यांत प्रामाणिकपणे काम करणाऱ्या परदेशी माणसाचीही जागा गेली.

मागचे दुकान

म्हणून शेवटची आणि आमच्या मते सर्वांत महत्त्वाची गोष्ट. जाण्याच्या पैशांसाठी दुकान मोडू नका, हत्यारे विकू नका. वेल्डिंग मशीन, लेथ किंवा शिलाई यंत्रे विकून एजंटाला देणारा माणूस परतीची वाट स्वतःच बंद करतो. दोन वर्षांनी तो परत येतो तेव्हा यंत्राची किंमत वाढलेली असते, दुकानाची जागा दुसऱ्याकडे गेलेली असते आणि गिऱ्हाईक शेजारच्या दुकानाला लागलेले असते. आखातातून आलेली शिल्लक मग नवे काही उभे करण्यात नव्हे, जुने परत मिळविण्यात खर्च होते.

भाऊ असेल, विश्वासू शागीर्द असेल, तर दुकान त्याच्या हाती द्यावे. नफ्यातला त्याचा वाटा लेखी ठरवावा. आठवड्यातून तीन दिवस उघडे राहिले तरी गिऱ्हाइकाला आपले नाव आठवते. पैसे घरी पाठविताना घरखर्चाचे आणि शिलकीचे वेगळे खाते ठेवावे, नाहीतर सारे खर्चातच जिरते. करार, व्हिसा, इकामा, पगाराच्या चिठ्ठ्या यांच्या प्रती घरी ठेवाव्यात. कुवेतहून परतलेल्यांना पुढे संयुक्त राष्ट्रसंघामार्फत भरपाई मिळाली, तेव्हा अशा कागदांचाच आधार झाला.

आपल्या बंधूंपैकी कोणी जायला निघाला असेल, तर त्याला तीन प्रश्न विचारावेत. एजंटाचा परवाना पाहिलास का? व्हिसावरचा हुद्दा वाचून घेतलास का? आणि उद्याच परत यावे लागले, तर सकाळी कोणते कुलूप उघडशील? तिन्हींची उत्तरे त्याच्याजवळ असतील, तर त्याला आनंदाने अकोल्याच्या किंवा बडनेऱ्याच्या स्टेशनवर पोहोचवून यावे. एखादे उत्तर नसेल, तर ते मिळेपर्यंत त्याने एजंटाच्या हाती पैसे ठेवू नयेत.