वरच्या मजल्यावरील पावसाळा

वैशाख-ज्येष्ठाच्या उन्हांत घरोघर जी पावसाळ्याची तयारी चालते, ती पिढ्यान्‌पिढ्या ठरून गेलेली आहे. गहूं-तांदळांना ऊन दाखवून ते कणग्यांत भरावयाचे, डाळी वाळवावयाच्या, पापड-कुरडया-सांडगे घालावयाचे, लोणच्यांच्या बरण्यांस दादरे बांधावयाचे, कौलें शाकारून घ्यावयाचीं, सरपण पडवींत रचावयाचें. हें सर्व ज्या घरासाठीं ठरलें, त्या घराला अंगण होतें, माळा होता, पडवी होती, आणि स्वयंपाकघरांत दिवसभर धुमसणारी चूल होती. आज आपणांपैकीं पुष्कळांचा संसार मुंबई, ठाणें, पुणें अशा शहरांत इमारतीच्या तिसऱ्या किंवा तेराव्या मजल्यावर, दोन-तीन खोल्यांत मांडलेला असतो. तयारी मात्र आपण जुन्याच घराची करतों; आणि मग आषाढांत गव्हांत किडे कां झाले, कपाटांतील पैठणीला वास कां येतो, व आजोबांना रात्रीं धाप कां लागते, याचें आश्चर्य करीत बसतों.

इमारतींतील हा संसार आपल्याला अगदीं नवा आहे असेंहि नाहीं. मुंबईंत गांवदेवीस सारस्वत मंडळींनीं सहकारी गृहसंस्था काढली ती १९१५ सालीं; त्या गोष्टीला शंभर वर्षें केव्हांच होऊन गेलीं. त्याच्याहि आधीं, १८९६ सालीं, मुंबईंत प्लेगची सांथ आली. दाट वस्तीच्या अंधाऱ्या चाळींनीं काय अनर्थ होतो हें तेव्हां सर्वांच्या डोळ्यांपुढें आलें, आणि १८९८ सालीं शहर सुधारण्यासाठीं एक ट्रस्ट स्थापन झाला. दादर-माटुंग्याची आंखीव वस्ती त्याच्याच योजनेंतून उभी राहिली. तिकडील जुन्या इमारतींपैकीं ज्या अद्यापि उभ्या आहेत, त्यांत जाऊन पाहिलें तर खोलीला समोरासमोर दारेंखिडक्या, दारांवर झरोके आणि पुढें सज्जा अशी रचना आढळते. पावसाची झड सज्जानें अंगावर घ्यावी व खोलीची खिडकी उघडी राहावी, हा तिचा उपयोग. पुढें जागा महाग झाली, तसे आपण सज्जे आंत घेतले, झरोके बुजविले आणि सरकत्या कांचेच्या खिडक्या बसविल्या. एक पलंग मावेल इतकी जागा वाढली खरी; परंतु ओले कपडे वाळण्याची व वारा खेळण्याची जी एक सोय होती ती गेली. हा सौदा किफायतीचा झाला असें आम्हांस वाटत नाहीं.

वाग्भटाच्या अष्टांगहृदयांत सूत्रस्थानाचा तिसरा अध्याय ऋतुचर्येचा आहे. वर्षाऋतूंत काय खावें-प्यावें याबरोबरच कोठें राहावें हेंहि त्यांत सांगितलें आहे, आणि तें वाचून इमारतींत राहणारांस थोडी मौज वाटेल. जेथें वाफ, गारठा व पावसाचे तुषार पोहोंचत नाहींत अशा ठिकाणीं, वाड्याच्या वरच्या मजल्यावर राहावें, असें त्याचें सांगणें आहे. पैकीं वरचा मजला आपल्याला आयताच लाभला आहे. तुषार खिडकी लावली कीं थांबतात. राहिली ती वाफ. आणि सर्व खटाटोप आहे तो तिचाच, कारण ती केवळ आभाळांतून येत नाहीं, आपल्याच घरांत रोजच्या रोज तयार होत असते.

हिशेब करून पाहावा. यंत्रांत पिळून निघालेल्या पांच किलो सुती कपड्यांत दोन-अडीच लिटर पाणी सहज शिल्लक असतें. ते कपडे खोलींतल्या दोरीवर घातले, म्हणजे तें सगळें पाणी हवेंत जातें. त्यांत कुकरची वाफ, सात-आठ माणसांचीं ऊन पाण्याचीं स्नानें, पुसलेल्या फरशा आणि दारें लावून निजलेल्या माणसांचे श्वास यांची भर. कौलारू घरांत ही वाफ कौलांच्या फटींतून निघून जाई. सिमेंटच्या छताला फट नाहीं. ती मग थंड भिंतीला, कपाटाच्या पाठीला आणि गादीच्या खालच्या अंगाला जाऊन बसते. तेथें चार-सहा दिवसांत बुरशी धरते.

घरांतील हवा कितपत ओली आहे हें कळण्यास निराळें यंत्र लागत नाहीं. ओट्यावरील मिठाचें भांडें पुरतें. शुद्ध मिठाला पाणी सुटतें तें हवेंतील आर्द्रता शेंकडा ७५ च्या वर गेली म्हणजे. खडे मीठ त्याच्याहि आधीं ओलावतें, कारण त्यांत मॅग्नेशियमचे क्षार असतात. आषाढ-श्रावणांत मुंबईची बाहेरची हवाच बहुधा शेंकडा ८० च्या वर असते, तेव्हां मीठ अगदीं कोरडें राहील ही अपेक्षा नको. पण चार दिवस चांगली उघडीप पडूनहि तें चिकटच राहिलें, तर दोष आभाळाचा नसून आपल्या घराचा आहे असें समजावें.

येथें कोणी विचारील, बाहेरचीच हवा ओली, तर खिडकी उघडून काय साधणार? साधतें तें असें. स्वयंपाक व स्नानें आटोपल्यावर आंतली हवा बाहेरच्याहून अधिक ओली झालेली असते, आणि वाहती हवा भिंतीवर व कापडावर ओलावा ठरूं देत नाहीं. पाऊस नैर्ऋत्येकडून व पश्चिमेकडून येतो. त्या बाजूच्या खिडक्या झडीच्या वेळीं लावाव्या, परंतु विरुद्ध बाजूची एखादी उघडी ठेवावी. पाऊस थांबला कीं समोरासमोरच्या खिडक्या पंधरा-वीस मिनिटें मोकळ्या कराव्या. स्नानगृहाचें दार लावून तेथला बाहेर हवा फेंकणारा पंखा स्नानानंतरहि कांहीं वेळ चालूं द्यावा. कित्येक घरीं नेमकें उलट चालतें: स्नानगृहाचें दार सताड उघडें, पंखा बंद, आणि सगळी वाफ माजघरांत.

कपड्यांविषयीं एक नियम मात्र आम्ही आग्रहानें सांगूं. ज्या खोलींत म्हातारीं माणसें किंवा लहान मुलें निजतात, त्या खोलींत रात्रीं ओले कपडे वाळत घालूं नयेत. जागतिक आरोग्य संघटनेनें २००९ सालीं घरांतील ओल व बुरशी यांविषयीं मार्गदर्शक तत्त्वें प्रसिद्ध केलीं. ओलसर घरांत राहणारांस खोकला, श्वास घरघरणें व दमा यांचा उपद्रव अधिक होतो, असें त्यांत स्पष्ट म्हटलें आहे. घरांतील वडील माणूस पावसाळ्यांत खोकूं लागलें कीं आपण वयाला दोष देतों, काढा करून देतों, छाती शेकतों. त्यांच्या पलंगाच्या डोक्यावर जी दोरी बांधलेली असते तिच्याकडे कोणाचें लक्ष जात नाहीं. जागेच्या अडचणीनें आजी-आजोबांच्या वांट्याला बहुधा तीच खोली येते जिला खिडकी एकच असते, आणि घरांतील दोरीहि तेथेंच बांधली जाते. सुनबाईंनीं किंवा चिरंजिवांनीं ही दोरी आजच सोडवावी. कपड्यांना दुसरी जागा नसेल तर बैठकीची खोली दिवसां दोन-तीन तास द्यावी, खिडकी किलकिली ठेवून पंखा चालू ठेवावा, आणि पाहुणे आले तर त्यांना ओल्या धोतरांचें दर्शन घडलें म्हणून कांहीं बिघडत नाहीं. घरीं वातानुकूल यंत्र असेल तर त्यांत हवा कोरडी करण्याची एक योजना असते. ती लावून खोली बंद ठेविली, म्हणजे कपडे लवकर वाळतात व ओलावा नळीवाटे बाहेर पडतो. आठवड्याचे कपडे सांठवून धुण्यापेक्षां रोज थोडे धुवावे. आणि जाड टॉवेलांचा सोस या चार महिन्यांत सोडून पंचे वापरावे. पंचा सकाळीं पिळून टाकला तर संध्याकाळपर्यंत वाळतो. टॉवेल तिसऱ्या दिवशींहि कुबट राहतो.

वाग्भटानें वर्षाऋतूंत वस्त्रें धुपवून वापरावीं असेंहि म्हटलें आहे, व आपल्याकडे बाळाच्या दुपट्यांना धुरी देण्याची रीति आहेच. चौसोपी वाड्यांत तें शोभत होतें. बंद खोलींत धूर कोंडला तर ज्याच्यासाठीं धुरी द्यावयाची त्याच्याच छातीला ती बाधेल, म्हणून हा आचार सदनिकेंत न पाळलेला बरा. डांबराच्या गोळ्याहि तान्ह्या मुलाच्या कपड्यांत ठेवूं नयेत. कांहीं मुलांच्या रक्तांत जन्मतःच असा दोष असतो कीं, त्या गोळ्यांच्या वाफेनें त्यांच्या रक्तपेशी फुटतात. पैठण्या, कद व मुकटे प्लॅस्टिकच्या पिशवींत न कोंडतां धुतलेल्या मऊ सुती कापडांत गुंडाळावे, आणि उघडीप पाहून महिन्यांतून एकदां घड्या बदलून ठेवावे.

कपाट बाहेरच्या भिंतीला, विशेषतः पश्चिमेच्या, चिकटून असूं नये. मध्यें तीन-चार बोटें तरी अंतर असावें. जीं कपाटें भिंतींतच ठोकून बसविलेलीं आहेत त्यांना हें शक्य नाहीं. त्यांचीं दारें रोज घटकाभर उघडीं ठेवण्यावांचून गत्यंतर नाहीं. भिंतीवर बुरशी दिसली तर ती कोरड्या फडक्यानें झटकूं नये, कारण तिची बारीक भुकटी उडून श्वासांत जाते. नाकातोंडाला फडकें बांधून साबणाच्या पाण्यानें पुसावी व ती जागा पंख्याखालीं कोरडी करावी. ब्लीचिंग वापरावयाचें असेल तर त्यांत संडास धुण्याचें आम्ल कदापि मिसळूं नये; त्यांतून क्लोरीनचा विषारी वायु निघतो.

भिंत वरचेवर ओली होत असेल तर पुसून काय होणार? ओल कोठून येते तें शोधलें पाहिजे. गच्ची, बाहेरची भिंत किंवा सामाईक नळ यांची गळती दुरुस्त करणें हें महाराष्ट्रांतील सहकारी गृहसंस्थांच्या आदर्श उपविधींप्रमाणें संस्थेचें काम आहे; एखाद्या घरच्या मोरींतून किंवा संडासांतून खालीं पाणी झिरपत असेल तर तें त्या सभासदाचें. हा भेद ठाऊक नसल्यामुळें वरचे व खालचे शेजारी वर्षानुवर्षें अबोला धरून बसलेले आढळतात, आणि भिंत गळतच राहते.

आतां धान्याचें. वर्षाचे गहूं एकदम भरावे असा घरांतील वडील बायकांचा आग्रह असतो, व तो हंसण्यावारी नेण्याजोगा नाहीं. टंचाई सोसलेल्या पिढ्यांचा अनुभव त्यामागें आहे. परंतु गव्हांतील ओलावा शेंकडा १२ च्या आंत असेल तरच ते टिकतात, आणि तितके ते वाळवावे अशी उन्हाची जागा आज किती घरांना आहे? शिवाय कीड पुष्कळदां बाहेरून शिरत नाहीं, ती धान्याबरोबरच घरांत येते. सोंड्याची मादी दाण्याला छिद्र पाडून आंत अंडें घालते व तें छिद्र बुजवून टाकते. कडधान्यांतील भुंगे तर शेतांतील शेंगेपासूनच सोबत असतात. उबदार, दमट हवेंत सुमारें महिनाभरांत त्यांची नवी पिढी बाहेर पडते. म्हणून जागा नसलेल्या घरानें ज्येष्ठ ते आश्विन एक-दोन महिन्यांपुरतेंच धान्य आणावें. रवा, मैदा, कडधान्यें आणल्याबरोबर घट्ट पिशवींत बांधून चार दिवस फ्रिजच्या बर्फाच्या खणांत ठेविलीं तर आंतली कीड व अंडीं मरतात. मग पिशवी न उघडतां ती बाहेरच्या उष्णतेवर येऊं द्यावी, म्हणजे दाण्याला पाणी सुटत नाहीं, आणि नंतर कोरड्या डब्यांत भरावी.

कीड मारण्याच्या गोळ्यांविषयीं मात्र हें प्रकरण पुरें करण्यापूर्वीं स्पष्ट लिहिणें अवश्य आहे. कोठें कोठें दुकानदार धान्यांत टाकावयास म्हणून अ‍ॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या हातावर ठेवतो. हवेंतील ओलावा लागला कीं त्यांतून फॉस्फीन नांवाचा वायु निघतो. तीं गोदामांचीं औषधें आहेत. त्यांचा वापर जाणकारांच्या देखरेखीखालींच व्हावा असा सरकारी निर्बंध आहे, आणि त्या विषावर उतारा नाहीं. पावसाळ्यांत हवाच ओली, खिडक्या बंद, माणसें निजलेलीं. अशा वेळीं एका खोलींतील वायु रात्रींतून सगळ्या घरांत, फार काय भिंतीपलीकडच्या शेजाऱ्यांकडेहि, पोहोंचूं शकतो. शंभर रुपयांचे गहूं वांचविण्यासाठीं अशी वस्तु उंबऱ्याच्या आंत येऊं देऊं नये. पाऱ्याच्या गोळ्या घालण्याची जुनी चालहि सोडून द्यावी, पारा विषारीच. किडलेले गहूं टाकून द्यावे लागले तर खुशाल टाकावे.

डांसांचें थोडक्यांत सांगतों. डेंग्यूचा डांस गटारांत नव्हे, स्वच्छ सांचलेल्या पाण्यांत वाढतो, आणि अंड्यापासून उडता डांस होण्यास त्याला आठ-दहा दिवस पुरतात. तुळशीच्या कुंडीखालची थाळी, फ्रिजच्या मागील तबक, सज्जांत पडलेली रिकामी बादली, हीं आठवड्यांतून एक वार ठरवून कोरडीं करावीं. हें काम घरांतील शाळकरी मुलांवर सोंपवावें. मोठ्या माणसांपेक्षां तीं तें अधिक कसोशीनें करतात असें आमच्या पाहण्यांत आहे.

हस्त नक्षत्र सरत आलें, म्हणजे ऊन कडक पडूं लागतें. मुंबईंतून पाऊस मागें फिरण्याची सरासरी तारीख हवामानखात्यानें ८ ऑक्टोबर धरिली आहे. त्या सुमारास गच्चीची किल्ली आधींच मागून ठेवावी आणि मजल्यांनीं आपसांत वार वांटून घ्यावे. गाद्या दोन दुपारीं, दोन्ही अंगांनीं, सतरंजीवर टाकून तापवाव्या व पूर्ण निवल्यावरच घडी कराव्या. भिंतीला रंग देण्याची घाई त्याच आठवड्यांत करूं नये. ओल आंतून सुकावयास आणखी तीन-चार आठवडे लागतात, आणि दिवाळी जवळ आली म्हणून वर रंग चढविला तर तो संक्रांतीपर्यंत पोपडे धरूं लागतो.